दहाच्या पुढची चौकट

शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत बारा कॉम्प्युटर होते, आणि बाराही इतके म्हातारे की चालू केल्यावर आधी खाकरायचे, मग घरघरायचे, आणि मग मनात आलंच तर उजळायचे. बाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. नवं यंत्र न सांगता दहा उद्योग करत बसतं. जुनं बिचारं सांगितल्या कामाचं. इंटरनेटची तार तर त्यांनी पहिल्याच दिवशी भिंतीतून उपसून कपाटात टाकली होती. त्यामुळे त्या बारा डब्यांचा ना बाहेरच्या जगाशी संबंध होता, ना एकमेकांशी.

"एक गोष्ट डोक्यात पक्की करा," पहिल्या शनिवारी सकाळी त्यांनी सातवीच्या चोवीस पोरांना सांगितलं. "हा डबा हुशार नाही. मठ्ठ आहे, पण आज्ञाधारक आहे. सांगाल तेवढंच करेल. तिळभर कमी नाही, तिळभर जास्त नाही. खेळ बिघडला तर चूक तुमची. आणि चूक सापडतेच. पहिल्या ओळीपासून वाचत यायचं."

"म्हणजे आमच्या दादासारखाच, बाई," मागून एक पोरगा म्हणाला. "फक्त ते आज्ञाधारक सोडून."

वर्ग खिदळला. या पोराचं तोंड पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत चालू असायचं, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. त्याच्याच कॉम्प्युटरवर शेजारी मुंगी बसायची. वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. बोलायची मोजून मापून, पण दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधला राहिलेला एक ठिपका तिला तीन बाकांवरून दिसायचा.

बाई वर्षभर घरी राहून पुन्हा कामावर आल्या होत्या. लेक तेरा महिन्यांची, घरातली बबडी. कामावर येताना त्यांनी एकच अट घातली होती. कॉम्प्युटर खोलीसमोर, मधला बोळ ओलांडला की, खेळाचं सामान ठेवायची खोली होती. ती रिकामी करून तिथे एक मावशी शिक्षिकांची तीन बाळं सांभाळायच्या. बबडी त्यातली धाकटी. ती अजून चालत नव्हती. काहीतरी धरून उभी राहायची, हात सोडायची, स्वतःच्याच धाडसाला दचकून धपकन बसायची आणि मग आपणच टाळ्या वाजवायची. आज-उद्या पाऊल टाकणार हे दिसतच होतं. ते पहिलं पाऊल आपल्यासमोर पडावं, एवढी एकच गोष्ट बाईंना त्या वर्षाकडून हवी होती.

नणंद म्हणालीच होती, "वहिनी, तू तिकडे लोकांच्या पोरांना खेळ शिकवत बसशील आणि आपली पोर मावशींसमोर चालायला लागेल. मग बस फोटो बघत."

"बोळापलीकडे तर आहे मी," बाई म्हणाल्या. "हाक आली की पोचले."

आणि ते खरंच होतं. दोन्ही दारं समोरासमोर होती.

पोरांना दिलेला खेळ साधा होता: लपंडाव. कॉम्प्युटरने शंभर चौकटींपैकी कुठल्याही एकीत लपायचं. आपण दोन आकडे देऊन ती ओळखायची. चुकलं तर तो 'लांब' किंवा 'जवळ' म्हणणार, बरोबर आलं की 'सापडलं'. जेमतेम वीस ओळींचा प्रोग्रॅम. पण बाईंची शिकवायची एक पद्धत होती. स्क्रीनवर जे करायचं, ते आधी पायांनी करायचं. खोलीची जमीन मोठ्या राखाडी फरश्यांची होती, आणि भिंतींलगतची टेबलं सोडली तर मधे बरोबर दहा गुणिले दहा फरश्या उरायच्या. पोरांनी कडेने खडूने आकडे घातले. पहिला आकडा खिडकीपासून दाराकडे मोजायचा, दुसरा फळ्यापासून मागे. एक, एक म्हणजे खिडकी आणि फळा यांमधला कोपरा. तिथे बाईंची खुर्ची असायची. कॉम्प्युटर जी चौकट सांगेल तिच्यात एकाने जाऊन उभं राहायचं, पुढचा आकडा येईपर्यंत. तो लपणारा. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून यायचा नियम होता, त्यामुळे सगळं अनवाणी चालायचं, आणि गार फरशीवर पावलांचे चपचप आवाज यायचे.

दुसऱ्या शनिवारी बाराही प्रोग्रॅम पुरे झाले. बाईंनी एक, दोन, तीन म्हटलं आणि बारा बोटांनी एंटर दाबला. पोरांनी एकेक आकडा घालून शोधायला सुरुवात केली. दहा मिनिटांनी रेडिओ ओरडला, "बाई, आमचा चार, सहामध्ये होता!"

"आमचाही चार, सहा."

"आमचा पण."

बारापैकी बारा. पोरांचे डोळे विस्फारले. बाई मात्र खूश झाल्या, कारण हा धडा त्यांना पुढच्या आठवड्यात शिकवायचा होता आणि तो आपण होऊन दारात आला होता.

"बघा, यात जादू नाही. डब्याला खरा फासा टाकता येत नाही. त्याच्या पोटात आकड्यांची एक लांबच लांब यादी असते, आणि तो तिच्यातून वाचत जातो. तुम्ही सगळ्यांनी यादी पहिल्या पानापासून उघडलीत, म्हणून सारखं आलं. आता त्याला सांगा, घड्याळात या घटकेला जो सेकंद असेल, त्या पानावर उघड."

एक ओळ वाढली. या वेळी बाईंनी एकेकाला वेगवेगळ्या वेळी एंटर दाबायला लावला. कुणी लगेच, कुणी पाणी पिऊन आल्यावर.

बाराही जण पाच, सहामध्ये लपले होते.

"सगळ्यांची घड्याळं एकच वेळ दाखवत असतील," बाई म्हणाल्या आणि स्वतः बघायला गेल्या. एकही घड्याळ दुसऱ्याशी जुळत नव्हतं. एका कॉम्प्युटरच्या मते तर ही मुलं अजून जन्मायची होती.

त्या दुपारी बबडी झोपल्यावर त्यांनी तो प्रोग्रॅम कागदावर उतरवून काढला. त्यांचा सगळा दिवस अशाच तुकड्यांचा असायचा. तिच्या झोपेच्या पाऊण तासात जे होईल ते आपलं. वीस ओळी त्यांनी चार वेळा वाचल्या. पाळण्यात बबडी झोपेत ओठ चोखत होती. चूक सापडली नाही. याचा अर्थ चूक यंत्रांत आहे, एवढाच, असं त्यांनी कागदाच्या तळाशी लिहिलं आणि दूध तापवायला उठल्या.

तिसऱ्या शनिवारी सहा, सहा. मग सात, सहा. मग आठ.

फरशीवर लपणारा म्हणून त्या दिवशी रेडिओ उभा होता. आकडा आला की एकेक फरशी दाराकडे सरकत होता. आठव्या फरशीवर त्याने पाय उचलून बघितला.

"बाई, ही फरशी कोमट आहे."

"ऊन आलं असेल."

"नाही, म्हणजे कुणीतरी बसून उठल्यावर खुर्ची लागते ना, तशी."

"बस झालं आकाशवाणीचं," बाई म्हणाल्या. सगळे हसले. पण पोरं पांगल्यावर त्यांनी स्वतः जाऊन आठव्या फरशीवर तळवा ठेवला. खिडकीतलं ऊन तिसऱ्या फरशीपर्यंतच पोचत होतं. सातवी फरशी गार होती. नववी गार होती.

त्या सरळ बोळ ओलांडून गेल्या, बबडीला उचललं आणि घरी आल्या. एखाद्या जमिनीखालून गरम पाण्याचा नळ जात असतो. शाळा जुनी होती. विचारायला हवं होतं कुणाला तरी. ते राहून गेलं.

चौथ्या शनिवारी तो दहा, सहावर आला आणि तिथेच राहिला. पुन्हा एंटर दाबा, दहा, सहा. कॉम्प्युटर बंद करून चालू करा, दहा, सहा. दहा, सहा ही उंबरठ्याला टेकलेली फरशी होती. ओळखायचं काही उरलंच नव्हतं, पोरं कंटाळली.

"हा दारात अडकलाय," रेडिओ म्हणाला.

"अडकला नाहीये," मुंगी म्हणाली. तिने वहीत तीन आठवड्यांचे आकडे एका ओळीत लिहून ठेवले होते. "प्रोग्रॅममध्ये एकपासून दहापर्यंत असं आहे. दहाच्या पुढे आपण जाऊ देत नाही त्याला."

बाईंना पोरांचे चेहरे आवडले नाहीत. उद्या हीच पोरं घरी जाऊन सांगणार, कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी आहे. चार आठवडे घसा कोरडा करून शिकवलेलं सगळं पाण्यात.

"छान," त्या म्हणाल्या. "मुंगीने एक अंदाज मांडला. अंदाज मांडला की आपण काय करतो?"

"चाचणी," वर्ग म्हणाला.

"पुढच्या शनिवारी दहाची मर्यादा काढू. जातो का बघू पुढे. नाही जाणार, लिहून देते."

अशी चूक करायला माणूस हुशारच लागतो. पाचव्या शनिवारी पोरांनी दार उघडं टाकून बोळात आकडे घातले: अकरा, बारा, तेरा. पुढे समोरची खोली होती. तिथे मावशी दारातच कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"काय गं हे, माझ्या खोलीत खडू?"

"मोजतोय फक्त, मावशी," बाई म्हणाल्या. "आवाज नाही करणार."

"करा करा. दोघांना आज आणलंच नाही, एकटी तुमचीच आहे. आत्ताच झोपली, सकाळपासून नुसती उठबस चालली होती तिची."

आतल्या फरश्यांवर चौदापासून पंचवीसपर्यंत आकडे पडले. बबडी दारातून आत उजव्या हाताला, खाली पसरलेल्या गोधडीवर झोपली होती. बाईंनी दारातून तिच्याकडे एकदा बघून घेतलं आणि वर्गात येऊन सांगितलं, "दहा खोडा. पंचवीस लिहा."

मुंगी फरशीवर उभी राहिली. एंटर दाबला गेला.

या वेळी ओळखायला कुणी लांबचे आकडे घातलेच नाहीत. सगळ्यांनी तोच एक घातला.

"अकरा, सहा," बारा टेबलांवरून आवाज आला. "सापडलं."

मुंगीने उंबरठा ओलांडला. बाईंच्या कपाळाला आठी पडली. तरी त्यांनी हात वर करून 'पुन्हा' अशी खूण केली.

"बारा, सहा."

"तेरा, सहा."

आता आवाज उतरले होते. फक्त रेडिओ ओरडत होता, कारण मुंगीला बोळात ऐकू जायला हवं होतं. बाई तिच्या मागोमाग निघाल्या. अनवाणी पायांना एकेक फरशी लागत गेली: गार, गार, आणि मुंगी ज्या फरशीवरून नुकती निघाली, ती कोमट.

"चौदा, सहा!"

मावशींनी पाय आवरून तिला वाट दिली.

"पंधरा! सहा!"

"सोळा... बाई, सोळा, सात आलंय! वळला!"

मुंगी उजवीकडे वळली. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि धुतलेल्या लंगोटांचा वास.

"सतरा, सात!"

"सतरा, आठ!"

मुंगी हलली नाही.

"मुंगे, जा ना," बाई हलकेच म्हणाल्या.

"कशी जाऊ?" मुंगीने मान वळवली. "तिथे ही झोपलीय, बाई."

सतरा, आठ ही फरशी गोधडीखाली होती. बबडी पालथी होती, गाल गोधडीवर, तोंड उघडं. तिचे पाय हलत होते. आधी उजवा, मग डावा, मग उजवा. सावकाश, एका मापात. तेरा महिन्यांत बाईंनी तिच्या झोपेतली प्रत्येक हालचाल बघितली होती. ही त्यातली नव्हती.

त्यांनी गोधडीखाली हात घातला.

फरशी कोमट होती.

बाई वळल्या आणि वर्गात आल्या. धावत नाही, पोरांसमोर त्या कधी धावल्या नव्हत्या. पहिल्या कॉम्प्युटरवरच्या दोघांना बाजूला केलं आणि पंचवीसच्या आकड्यावर बोट ठेवलं.

खेळ पुसून टाकावा? पण पुसला तर मग तो कुठे आहे हे सांगणारंही काही राहणार नव्हतं. दहा लिहावं? दहा म्हणजे दार. बबडीपासून आठ-दहा पावलं.

सांगाल तेवढंच करेल.

त्यांनी पंचवीस खोडून एक लिहिला. दोन्ही आकड्यांसाठी, एकपासून एकपर्यंत.

"सगळ्यांनी हेच लिहा," त्या म्हणाल्या. "आत्ता. बोलू नका."

"पण बाई, मग शोधायचं काय?" रेडिओ म्हणाला. "तो एकाच ठिकाणी सापडणार."

"सापडू दे."

कीबोर्डांचा खडखडाट झाला. बाराही जणांनी एंटर दाबला, एक, एक घातलं.

"सापडलं."

मुंगी धापा टाकत दारात आली. "बाई, पाय थांबले तिचे. कुशीवर वळली. आता नीट झोपलीय."

बाईंनी श्वास सोडला. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला. नियम त्यांचाच होता आणि नियमाने काम केलं होतं.

"मी उभी राहू का आता तिकडे कोपऱ्यात?" मुंगीने विचारलं. "लपणारा?"

"नको," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली आणि एक, एकच्या फरशीवर स्वतः उभ्या राहिल्या. तळव्यांना ऊब लागली. लागणारच होती. "इथे मी."

घंटा झाली. पोरांनी दप्तरं उचलली, दारात चपलांची झोंबाझोंबी झाली, रेडिओचा आवाज जिन्यावरून खाली जात जात विरला. बाराही स्क्रीन तेवढे चालू राहिले.

खोली शांत झाली. मग बोळापलीकडून मावशींची हाक आली.

"बाई! अहो, लवकर या! उठून उभी राहिलीय बघा! काही धरलेलं नाही!"

"आले!" बाई म्हणाल्या. आवाज खणखणीत होता.

त्यांनी उजवा पाय उचलला, पुढे टाकला. मग डावा. फरशी कोमट होती. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. फळ्याची कड डाव्या खांद्याशी होती, ती तिथेच राहिली.

त्यांनी खाली बघितलं. खडूने लिहिलेला एक त्यांच्या दोन पावलांच्या मधे होता.

"टाकलं! पाऊल टाकलं, बाई! अहो, आहात कुठे?"

"आले, आले मावशी. धरा तिला."

घाबरण्याचं कारण नव्हतं. चूक सापडतेच. बाईंनी डोळे मिटले आणि पहिल्या ओळीपासून वाचत आल्या. पहिली बरोबर होती. दुसरी बरोबर होती. तिसरी, चौथी. जी ओळ त्यांनी आताच स्वतःच्या हाताने बदलली होती, तिच्याशी थांबल्या, अक्षर न् अक्षर तपासलं. बरोबर होती. विसाव्या ओळीपर्यंत कुठेही, काहीही चुकलेलं नव्हतं.

बोळात पावलं वाजली. छोटी, अनवाणी. एक पडायचं, मग विचार करून दुसरं. मागून मावशी टाळ्या वाजवत येत होत्या. "शाब्बास! चल, आईला शोधू. कुठंय आई? शोध बरं."

बबडी दारात आली. दोन्ही हात हवेत, गोधडीच्या वळ्या गालावर उमटलेल्या, आणि चालत होती. काही न धरता चालत होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ये," त्या म्हणाल्या आणि हात पसरले. "इकडे, इकडे बघ. ये, माझी राणी."

मावशींनी आत डोकावलं. "अगंबाई. आत्ता तर ओ दिली त्यांनी."

बबडीने दाराच्या चौकटीला एक हात टेकवला आणि खोलीभर बघितलं. मागच्या टेबलापासून, चालू असलेल्या एकेका स्क्रीनवरून, फळ्यापर्यंत. फळ्यावरून तिची नजर कोपऱ्यात आली, जरा थांबली, आणि खिडकीकडे निघून गेली. मग ती मावशींकडे वळली आणि वाटीतला खाऊ संपला की करायची तसे दोन्ही तळहात उघडून दाखवले.